ऊठबस

काका खिडकीशेजारच्या खुर्चीत बसले होते. डावा हात उशीवर नीट ठेवलेला, मांडीवर चादर, समोरच्या सरकत्या टेबलावर चष्मा, मोबाईल, पाण्याची बाटली, टीव्हीचा रिमोट. सगळं उजव्या हाताला सहज लागेल असं मांडलेलं. डिस्चार्ज चार दिवसांवर आला होता. मला पाहून काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघा, सकाळपासून कसे शांत बसलेत. एकदाही त्रास दिला नाही."

स्ट्रोकच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि बरीच वर्षं त्यावर हसून मानही डोलावली आहे. त्या दिवशी मात्र माझी नजर घड्याळाकडे गेली. साडेअकरा वाजत होते. काकांना खुर्चीत बसवलं होतं आठ वाजता.

याच बसण्यासाठी आम्ही केवढी धडपड केली होती! झटका आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगाच्या कडेला पहिल्यांदा बसवलं, तेव्हा एक जण त्यांच्या पाठीशी होता, मी समोर, आणि तरी काकांचं धड डावीकडे कलंडत होतं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की शरीराची डावी बाजू दुबळी होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण 'मधोमध' म्हणजे कुठे, हे भानसुद्धा हरवू शकतं, हे जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. कलंडलेल्या अवस्थेतच काका मला ठामपणे सांगत होते, "मी सरळ बसलोय." मग समोर आरसा ठेवला. शर्टाच्या बटणांची रांग दाराच्या चौकटीशी जुळवायला लावली. पाचव्या दिवशी ते कुणाचाही आधार न घेता अर्धा मिनिट बसले आणि काकूंनी पदराने डोळे पुसले.

म्हणून बसण्याला वाईट म्हणताना माझी जीभ अडखळते. बसता येणं ही त्यांची झटक्यानंतरची पहिली कमाई होती. पण दोन आठवडे उलटले, काका धरून उभे राहायला लागले, चौपायी काठी घेऊन माझ्याबरोबर पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागले, आणि तरी माझी पाठ वळली की ते खुर्चीत असायचे. तिथेच जेवण, तिथेच टीव्ही, तिथेच डुलकी. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत.

आपल्या भाषेत 'आराम' हा शब्द दोन कामं करतो. 'आराम करा' म्हणजे हालचाल करू नका. आणि 'औषधाने आराम पडला' म्हणजे बरं वाटलं. विश्रांती घेणं आणि बरं होणं आपण एकाच शब्दात बांधून टाकलंय. ताप असेल, पाठीत उसण भरली असेल, तर पहिले एकदोन दिवस ते चालूनही जातं. स्ट्रोकनंतर मात्र हाच शब्द घात करतो. भेटायला येणारा प्रत्येक जण काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "आता काही करायचं नाही, फक्त आराम." त्या सगळ्यांची माया खरी होती. मला त्यांच्यावर रागावता येत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एक आजी माझ्या मनातून जात नाहीत. घरी गेल्या तेव्हा मी त्यांच्या कागदावर समाधानाने लिहिलं होतं की वॉकर घेऊन, एका माणसाच्या आधाराने, त्या दहा पावलं चालतात. दोन महिन्यांनी तपासणीला आल्या त्या व्हीलचेअरमधून. मला वाटलं, दुसरा झटका आला. तसं काहीच झालं नव्हतं. रक्तदाब ठीक, गोळ्या वेळच्या वेळी, घर स्वच्छ, मुलं-सुना जिवापाड करणारी. आजींना दोन महिने कुणी उठू दिलं नव्हतं, एवढंच. गुडघे सरळ होत नव्हते, घोट्याचा सांधा खाली वळून आखडला होता. उभं करायला गेले तर त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. त्या म्हणाल्या, "आता नाही होणार ग." त्यांच्या सुनेने मला विचारलं, "आमचं काही चुकलं का?" चूक माझीही होती. दहा पावलं चालतात हे मी लिहिलं होतं. ती दहा पावलं रोज किती वेळा चालायची आणि मधल्या वेळात काय करायचं, यातलं काहीही मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्यानंतर एका दिवशी सिस्टरांची परवानगी घेऊन मी वॉर्डाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसले. दर दहा मिनिटांनी मान वर करायची आणि कोण आडवं आहे, कोण बसलंय, कोण उभं आहे, जवळ कुणी आहे का, तेवढ्या खुणा करायच्या. कल्पना माझी नव्हती. मेलबर्नमधल्या पाच स्ट्रोक युनिटमध्ये संशोधक ज्युली बर्नहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 64 रुग्णांची अशीच पाहणी केली होती, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर दहा मिनिटांनी. 2004 मध्ये ती प्रसिद्ध झाली. रुग्णांचा निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर जात होता, 28 टक्के वेळ पलंगाबाहेर बसून, आणि सुधारणेला हातभार लागेल अशी हालचाल होत होती जेमतेम 13 टक्के वेळ. या आकड्यांपेक्षाही मला जास्त लागला तो आणखी एक आकडा: दिवसाचा 60 टक्के वेळ हे लोक एकटे होते. 'निष्क्रिय आणि एकटे' हे शब्द त्या लेखाच्या शीर्षकातच आहेत. आणि हे खास स्ट्रोकसाठी उभारलेल्या, चांगल्या विभागांतलं चित्र होतं.

माझ्या वहीतल्या खुणांची बेरीज करायची गरज पडली नाही. पान बघूनच कळत होतं. माझ्या थेरपीचा पाऊण तास तेवढा वेगळ्या रंगाचा, बाकी सगळी ओळ एकसारखी.

इतकी वर्षं मी त्या पाऊण तासाचाच विचार करत आले होते. तो अधिक चांगला कसा होईल, नवीन व्यायाम कोणता घालावा. उरलेला दिवस माझा नव्हताच जणू. व्यायाम आणि बैठेपणा ही दोन वेगळी खाती आहेत, हे मला उशिरा समजलं. जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं होऊन, दीड मेटपेक्षा जास्त ऊर्जा खर्च न करता घालवलेला वेळ म्हणजे बैठेपणा, अशी त्याची व्याख्या आहे. एक मेट म्हणजे शांत बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तेवढी. एखादा माणूस सकाळी मनापासून व्यायाम करू शकतो आणि उरलेला दिवस खुर्चीत घालवू शकतो. एका खात्यात भरलेलं दुसऱ्या खात्यात आपोआप वळतं होत नाही. ऑस्ट्रेलियातच, घरी राहणाऱ्या स्ट्रोकच्या रुग्णांना हालचाल मोजणारं यंत्र लावून पाहिलं, तेव्हा ते दिवसाचे जवळजवळ 11 तास बसून काढत असल्याचं दिसलं. स्ट्रोक न झालेली माणसं सुमारे 8 तास बसत होती. म्हणजे वॉर्डात लागलेली सवय दाराशी थांबत नाही. ती माणसाबरोबर घरी जाते.

बसून राहिल्याने नेमकं होतं काय, हे काकांच्या मुलाने मला विचारलं. प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून मीही त्याला नीट सांगितलं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाय हलला की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर चढतं, आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पाय तासन्‌तास लोंबकळत राहिला की हा पंप बंद. पाय सुजतो, शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. स्नायूंचं तर विचारूच नका. 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, सरासरी 67 वर्षांच्या, पूर्ण निरोगी माणसांवरचा. त्यांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. ही धडधाकट माणसं होती. काकांचा एक पाय तर आधीच मेंदूचा निरोप धडपणे ऐकत नव्हता.

आणि मेंदू? तो वापरावर चालतो. इजा झालेल्या भागाशेजारचे मार्ग काम उचलायला शिकतात, पण त्यांच्याकडे काम आलं तर. डाव्या पायावर भार पडलाच नाही, तर डावा पाय आहे हे मेंदूला कोण सांगणार?

यावर काकांच्या मुलाचा उत्साह एकदम वाढला. "मग पहिल्या दिवसापासूनच जोरात चालवायला हवं होतं ना?" इथे मला त्याला थांबवावं लागलं, कारण हा मोह आम्हालाही झाला होता. त्याचं उत्तर 2015 मध्ये मिळालं. पाच देशांतल्या 56 रुग्णालयांत 2104 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. झटक्यानंतर 24 तासांच्या आत, नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात उठवून हालचाल करवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपेक्षा थोडी कमी चांगली निघाली. ही चाचणी चालवणाऱ्यांत बर्नहार्टच प्रमुख होत्या. ज्या बाईंनी रुग्णांचं पडून राहणं जगाला दाखवून दिलं, त्यांनीच फार लवकर, फार जास्त करू नका हेही सांगितलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. पुढे त्याच माहितीचं बारकाईने विश्लेषण झालं, आणि त्यातून दिसलं की एका दमात खूप वेळ उठवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा उठवणं बरं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. घरी जायच्या तयारीत असलेल्या, तब्येत स्थिर असलेल्या माणसालाही मी हेच सांगते.

थकव्याबद्दल इथे बोललंच पाहिजे. स्ट्रोकनंतरचा थकवा आळसातून येत नाही. पुरेशी झोप होऊनही तो येतो, आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना पटत नाही. शिवाय पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त शक्ती लागते. काका दोन मिनिटं उभे राहिले की त्यांच्या वरच्या ओठावर घाम यायचा. अशा माणसाला 'उठा, उठा' म्हणून मागे लागणं क्रूरपणा होईल. त्याला विश्रांती हवीच, पण ठरवून घेतलेली. कुणी उठवलं नाही म्हणून दिवस खुर्चीत गेला, तर ती विश्रांती म्हणता येणार नाही.

मला सर्वांत अवघड जाते ती भीती. रुग्ण पडला तर वॉर्डात त्याची नोंद होते. कधी पडला, कोण जवळ होतं, पलंगाचे कठडे वर होते का. त्यावर फॉर्म भरावा लागतो, वरपर्यंत उत्तर द्यावं लागतं. रुग्ण दिवसभर बसून राहिला तर कुठलाच फॉर्म भरावा लागत नाही. सहा तास बसवून ठेवलं म्हणून कधी कुठल्या सिस्टरला जाब विचारला गेल्याचं मला आठवत नाही. मग थकलेली, दहा रुग्ण सांभाळणारी सिस्टर "काका, उठू नका हं, मी येईपर्यंत बसूनच राहा" असं म्हणते, तेव्हा ती तिच्या जागी बरोबरच असते. पडून मांडीचं हाड मोडणं ही लहान गोष्ट नाही. पण जे मोजलं जातं त्याचीच काळजी घेतली जाते, आणि बसणं कुणी मोजत नव्हतं.

त्या सकाळी मी खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि काकूंनाही जवळ बोलावलं. काकांच्या मांडीवरची चादर काढली.

"काका, आधी पुढे सरका. खुर्चीच्या कडेला या." उजवं कूल्हं पुढे आलं, डावं मागेच राहिलं. मी डाव्या कुल्ह्याखाली हात दिला. "आता पाय मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित जास्त मागे." हे मुद्दाम. उजवा पाय मागे ठेवला की सगळा भार तोच घेतो आणि डावा नुसता पाहुण्यासारखा उभा राहतो. "आता पुढे वाका. अजून. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे." इथेच सगळे घाबरतात. पुढे वाकलं की तोंडावर पडू असं वाटतं, म्हणून माणूस मागे रेलून उठायला बघतो आणि धपकन परत बसतो. काका दोनदा तसेच बसले. तिसऱ्यांदा मी माझ्या गुडघ्याने त्यांच्या डाव्या गुडघ्याला बाहेरून आधार दिला, आणि त्यांच्या मांडीचा स्नायू थरथरून जागा झालेला मला हाताखाली कळला. कुल्हे खुर्चीवरून सुटले. काका उभे राहिले. डावी टाच आधी उचललेली होती, ती हळूच खाली टेकली.

"आता बसायचं, पण हळू. खुर्ची मागे पायाला लागली की मगच." बसणंही शिकावंच लागतं. स्वतःला सावरत हळूहळू खाली येतानाही मांडीच्या स्नायूंना राबावं लागतं.

काकू हे सगळं बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांचं काही करायचंच नाही का? तेवढंच तर माझ्या हातात आहे." या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. अठरा दिवस ही बाई त्यांच्या उशाशी होती. ऊठबस करणं म्हणजे मराठीत एखाद्याची सेवा करणं, सरबराई करणं. काकू काकांची मनापासून ऊठबस करत होत्या, आणि काकांची स्वतःची ऊठबस मात्र थांबली होती. मी एवढंच म्हणाले, "करायचं आहेच. फक्त आता हातात आणून देण्याऐवजी शेजारी उभं राहायचं. त्यांना आधी प्रयत्न करू द्यायचा. अडले तर तुम्ही आहातच." देण्यापेक्षा शेजारी उभं राहणं फार कठीण असतं, हे मला माहीत होतं. शर्टाचं एक बटण लावायला काकांना चार मिनिटं लागत, आणि त्या चार मिनिटांत काकूंचा हात तीनदा पुढे येऊन मागे जाई.

मग चार दिवसांत आम्ही काही बदल केले. पाण्याची बाटली सरकत्या टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, दोन पावलांवर आणि मुद्दाम डाव्या बाजूला, म्हणजे तिकडे नजरही वळेल. काकू किंवा दुसरं कुणी जवळ असेल तेव्हाच उठायचं, हा नियम पक्का. दर अर्ध्या तासाला एकदा उठायचं, टेबल धरून मिनिटभर उभं राहायचं, भार डावीकडे-उजवीकडे करायचा. मुलाचा फोन आला की बोलणं उभं राहून सुरू करायचं, दमलं की बसायचं. जेवण खुर्चीत पण पाठ न टेकता. भेटायला आलेल्या माणसाला काकू सांगू लागल्या, "यांच्याबरोबर दारापर्यंत चालून या." एकटे बसलेल्या माणसाला उठण्याचं कारणच नसतं. कुणाबरोबर तरी दारापर्यंत जायचं म्हटलं की कारण मिळतं.

शेजारच्या पलंगावरच्या बाईंना उभं राहता येत नव्हतं. त्यांच्यासाठी पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसणं, बसल्याबसल्या हात लांबवून वस्तू घेणं, कुशी बदलणं हीच हालचाल होती, आणि तीही दिवसातून अनेकदा. काय जमतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याच अवस्थेत तासन्‌तास पडू किंवा बसू द्यायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना लागू.

घराबद्दलही बोललो. काकांच्या मुलाने घरच्या सोफ्याचा फोटो पाठवला. मऊ, खोल, बुटका. त्यात एकदा बसलं की उठायला दोन माणसं लागतील असा. मी त्याला टणक बैठकीची, हातांची, गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडी उंच खुर्ची बघायला सांगितलं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा, वाटेतली पायपुसणी उचललेली, काठी डाव्या नव्हे, उजव्या हाताशी. आणि या वेळी मी कागदावर सगळं लिहिलं. किती पावलं चालतात ते तर लिहिलंच, शिवाय सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणत्या वेळी कशासाठी उठायचं, कोण जवळ असेल, कधी आडवं व्हायचं, हेही. आडवं व्हायच्या वेळा काकांनी स्वतः सांगितल्या. दुपारी दोन ते तीन त्यांना कुणीही उठवायचं नाही.

डिस्चार्जच्या सकाळी मुलाने नवे बूट आणले. वेल्क्रोच्या पट्टीचे, पांढऱ्या तळव्याचे. काकांनी उजव्या हाताने डाव्या बुटाची पट्टी स्वतः लावली. वेळ लागला. काकू शेजारी उभ्या होत्या, हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून.

सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले. काकू म्हणाल्या की दोनदा घाबरवलं, एकदा बाथरूमच्या दाराशी तोल गेला, पण भिंत धरली. काही दिवस नुसते बसूनच गेले, असंही त्या म्हणाल्या, मन लागत नव्हतं तेव्हा. मी काकांना टेबलावर बसवून बूट काढले आणि डावा बूट उलटा करून पाहिला. पुढचं टोक झिजून पांढऱ्या तळव्याखालचा काळा थर दिसत होता. बाहेरची कडही घासली होती. पाय उचलताना पंजा अजून खाली पडत होता, म्हणून टोक जमिनीला घासत होतं. त्यावर काम करायचं होतं, घोट्याला पट्टा लागेल का ते बघायचं होतं.

"नवेच होते हो, खराब केले," काका ओशाळून म्हणाले.

मी तो बूट थोडा वेळ हातातच धरून ठेवला. मग त्यांच्या पायात घातला, आणि म्हणाले, "चला, पॅसेजच्या टोकापर्यंत. टाच आधी टेकवायची."